स्वमग्न बालकाची शाळेतील जागा आणि शिक्षकांमधील विचारविनिमय

शाळेच्या पटावर मुलाचे नाव असणे आणि त्या मुलाला शाळेत जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली गोष्ट मुख्याध्यापकांच्या एका सहीने पुरी होते. दुसरीसाठी त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसांनी आपणांस जे ठाऊक आहे ते परस्परांस सांगावे लागते. सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत हे सांगणे राहून गेले तरी फारसे बिघडत नाही. कारण असे मूल आपली ओळख नव्या गुरुजींना स्वतःच करून देते. तहान लागली तर ते पाणी मागते, कोणी मारले तर गाऱ्हाणे घेऊन येते, गणित समजले नाही तर निदान तोंड पाडून बसते. स्वमग्न मुलाला नेमके हेच साधत नाही. आपली गरज दुसऱ्यास समजेल अशा रीतीने सांगणे हीच त्याची मुख्य अडचण असते. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणास तरी बोलावे लागते. असे मूल अंगणवाडीतून पहिलीत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत किंवा गावच्या शाळेतून विशेष शाळेत जाते, तेव्हा कोणी, कोणापाशी आणि कोणत्या शब्दांत बोलावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वमग्नता म्हणजे काय

इंग्रजीतील ऑटिझम हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून झाला आहे. मराठीत त्यास स्वमग्नता हे नाव रूढ झाले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांचे, म्हणजे ८ मुलगे व ३ मुली यांचे, वर्णन प्रसिद्ध केले. तेथून या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासास आरंभ झाला. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्ना येथील हान्स अॅस्परगर यांनी अशाच काही मुलांचे वर्णन केले.

यानंतर बरीच वर्षे एक चुकीची समजूत पसरली होती. आईने मुलाला माया लावली नाही म्हणून ते असे झाले, असे पुष्कळ विद्वानही मानीत. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली लिहिलेल्या ग्रंथात या मताचे खंडन केले. १९७७ साली फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या अवस्थेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवून दिले. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे. ती आईच्या संगोपनाने येत नाही, लसीने येत नाही आणि एकापासून दुसऱ्यास होत नाही. औषधाने ती नाहीशी होत नाही. परंतु योग्य शिक्षणाने मुलाची क्षमता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. तेव्हा शंभर-दीडशे पटाच्या शाळेत असे एखादे मूल असणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

तिची लक्षणे दोन गटांत मोडतात. पहिला गट इतरांशी संबंध जोडण्यातील व बोलण्यातील अडचणींचा. दुसरा गट ठरावीक वागण्याचा: एकच हालचाल पुनःपुन्हा करणे, रोजच्या क्रमात बदल झाल्यास अस्वस्थ होणे, एखाद्याच विषयाची ओढ असणे, आवाज, स्पर्श, वास किंवा प्रकाश फार तीव्रतेने अथवा फार कमी जाणवणे. या गोष्टी प्रत्येक मुलात सारख्या प्रमाणात नसतात. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही अखंड बोलतात. काहींना बौद्धिक अक्षमताही असते. काही वाचन-गणितात वर्गाच्या पुढे असतात. म्हणून एका स्वमग्न मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाने दुसऱ्यालाही आपण ओळखतो असे गृहीत धरू नये.

वर्गात हे कसे दिसते, याची काही उदाहरणे उपयोगी पडतील. शिक्षक विचारतात, “तुझे नाव काय?” मूल उत्तरते, “तुझे नाव काय?” ही चेष्टा नव्हे. ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत उच्चारणे ही पुष्कळ स्वमग्न मुलांची बोलण्याकडे जाण्याची पायरी असते. एखादे मूल स्वतःस तहान लागली असता “तुला पाणी पाहिजे” असे म्हणते; कारण पाणी मिळण्याच्या वेळी त्याने आईच्या तोंडून तेच वाक्य ऐकलेले असते. “जरा डोके चालव” असे म्हटल्यावर एखादे मूल खरोखरच मान हलवू लागते. शब्दाचा वाच्यार्थ त्याला कळतो, लक्ष्यार्थ कळत नाही. वर्गातील मुले हसतात, शिक्षकांस राग येतो आणि उद्धटपणा म्हणून जी नोंद होते ती वस्तुतः भाषेच्या आकलनाची नोंद असते.

मुलाची जागा कोणती

या मुलांनी कोठे शिकावे, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण शक्य तेथवर सर्वसामान्य शाळांतच व्हावे असे सुचविले. १९७४ साली केंद्र शासनाने एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथील जागतिक परिषदेने सर्वांना सामावून घेणाऱ्या शाळेचे तत्त्व मांडले. तथापि १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला.

आजची स्थिती शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावी. २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलास गृहाधारित शिक्षणाचा पर्यायही आहे. अशा रीतीने तीन जागा संभवतात: गावची शाळा, विशेष शाळा आणि घर. यांपैकी कोणती, हे ठरविण्यात शिक्षकाच्या मतास मोल आहे, परंतु पसंती मुलाची व त्याच्या पालकांची असते. “आमच्याकडे याचे जमणार नाही, तुम्ही विशेष शाळा पाहा” असे सांगून मूल परत पाठविण्याचा अधिकार कोणत्याही शाळेस नाही. त्याचप्रमाणे, पालक विचारपूर्वक विशेष शाळा निवडीत असतील तर त्यांस अपराधी वाटेल असे बोलणेही योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट. जागा ही एकदा ठरली म्हणजे कायमची ठरली असे नाही. पहिलीत गावच्या शाळेत न रमलेले मूल तिसरीत रमू शकते. विशेष शाळेत दोन वर्षे शिकून, खुणांनी वा चित्रांनी बोलावयास लागलेले मूल परत गावच्या शाळेत येऊ शकते. वर्षातून निदान एकदा या निर्णयाचा फेरविचार व्हावा.

मत आणि निरीक्षण

शिक्षकाने निदान करू नये. ते काम वैद्यकाचे व मानसशास्त्रज्ञाचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीसाठी येते, तेव्हा शंका असलेले मूल त्यांस अवश्य दाखवावे. पुढील तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व शासकीय रुग्णालयात होते. दिव्यांगत्व ठरविण्यासाठी स्वमग्नतेच्या मूल्यमापनाची एक भारतीय श्रेणी वापरली जाते. तीत सहा गटांतील ४० बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण दिले जातात. यांतील पुष्कळ बाबी रोजच्या वागणुकीच्या असल्यामुळे तपासणाऱ्यांस शिक्षकाने लिहून दिलेल्या माहितीची मोठी मदत होते. प्रमाणपत्र हाती येण्यास काही महिने लागू शकतात. तोपर्यंत प्रवेश किंवा वर्गातील मदत अडवून ठेवू नये.

तेव्हा शिक्षकाचे खरे काम निरीक्षणाचे. मत आणि निरीक्षण यांतील भेद पुढील वाक्यांवरून स्पष्ट होईल. “मुलगा हट्टी आहे” हे मत झाले. “पाटी काढून वही दिली असता त्याने वही तीन वेळा खाली टाकली, पाटी परत देताच लिहू लागला” हे निरीक्षण. “लक्ष देत नाही” हे मत. “नाव घेऊन हाक मारली तर वळत नाही; खांद्याला हात लावून चित्र दाखविले तर पाहतो” हे निरीक्षण. मताने पुढच्या शिक्षकाच्या मनात पूर्वग्रह निर्माण होतो. निरीक्षणाने त्याच्या हाती उपाय येतो.

यासाठी एक साधी वही करावी व तीत तीन रकाने आखावेत. आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. पंधरा दिवस रोज दोन-तीन ओळी लिहिल्या तरी पुरे. समजा, दुसरीतील एक मुलगा वर्गातून पळून जातो अशी तक्रार आहे. पंधरा दिवसांच्या नोंदी वाचल्यावर असे दिसते की, तो दहा वेळा पळाला. त्यांपैकी सहा वेळा परिपाठाचा ध्वनिक्षेपक सुरू असताना, तीन वेळा पोषण आहाराच्या स्टीलच्या ताटांचा खणखणाट सुरू झाल्यावर आणि एकदा पत्र्याच्या छपरावर पावसाची मोठी सर आली तेव्हा. मराठीच्या किंवा गणिताच्या तासाला तो एकदाही पळालेला नाही. आता तक्रारीचे रूपच पालटते. मुलगा शाळेपासून पळत नाही, आवाजापासून पळतो. त्याला परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपकापासून दूर, रांगेच्या शेवटी उभे करणे आणि ताटे वाटण्यापूर्वी पाच मिनिटे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जेवावयास बसविणे, हे दोन उपाय कोणत्याही खर्चाशिवाय होतात. अशी वही नसती तर “सारखा पळतो, सांभाळणे कठीण” एवढेच शब्द वरिष्ठांपर्यंत गेले असते, आणि त्या शब्दांवर मुलाची जागा ठरली असती.

पालकांशी बोलणे

मुलाविषयी सर्वांत अधिक माहिती बहुधा त्याच्या आईला असते. परंतु शाळेतून निरोप आला की तक्रारच असणार, या भीतीने ती येते. म्हणून पहिली भेट तक्रारीसाठी नसावी. शक्य तर आईवडील दोघांनाही बोलवावे. घरात आजी मुलाला सांभाळीत असेल तर तिलाही बोलवावे. इतर पालक, मुले किंवा शिपाई यांच्यासमोर बोलू नये. आजाराचे नाव शिक्षकाने आपण होऊन घेऊ नये. “तुमचा मुलगा वेडसर दिसतो, दवाखान्यात दाखवा” या वाक्याने शाळेचे दार बंद होते. त्याऐवजी बोलणे काहीसे असे व्हावे:

बाई : या ताई, बसा. परिपाठ चालू असला की तुमचा मुलगा कान झाकून व्हरांड्यात जातो. घरी मोठा आवाज झाला म्हणजे काय करतो तो?

आई : मिक्सर लावला की परसात पळतो, बाई. वरातीला तर आम्ही त्याला नेतच नाही.

बाई : आणि मग शांत कशाने होतो?

आई : माझ्या जुन्या साडीचा एक तुकडा आहे. तो हातात दिला की बसतो गप. लोक हसतात म्हणून शाळेत नाही देत.

बाई : उद्यापासून दप्तरात घालून द्या. वर्गात कोणी हसणार नाही, ते मी बघते. आणि ताई, पुढच्या आठवड्यात गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षक येणार आहेत. तुम्ही दोघे आलात तर त्यांच्याशी बोलता येईल.

या संभाषणात शिक्षिकेने एकही सल्ला दिलेला नाही. दोन प्रश्न विचारले. त्यांतून तिला ध्वनीची अडचण घरीही आहे हे कळले, मुलाला शांत करण्याचा उपाय कळला आणि पालकांना पुढील भेटीचे निमंत्रणही देता आले. निदानाची गोष्ट निघाली आणि आईने “माझेच काही चुकले का?” असे विचारले, तर तिचे काही चुकलेले नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. शास्त्राचा निर्वाळा तसाच आहे.

विशेष शिक्षकाबरोबरची बैठक

समग्र शिक्षा योजनेखाली गटसाधन केंद्राकडे समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ व विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे अनेक शाळा असल्यामुळे त्यांची भेट थोड्या वेळाची असते. ती वाया जाऊ नये यासाठी वर्गशिक्षकाने तीन गोष्टी तयार ठेवाव्यात: नोंदवही, मुलाच्या कामाचे दोन-चार नमुने आणि स्वतःचे नेमके प्रश्न. “याचे काय करावे?” या प्रश्नास उत्तर नसते. “याला शौचास जावयाचे आहे हे सांगता येत नाही, त्यासाठी कोणती खूण शिकवावी?” या प्रश्नास उत्तर असते.

बैठकीत मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक व पालक एकत्र बसावेत आणि मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहावा. त्यातील उद्दिष्ट मोजता येईल असे असावे. “भाषा सुधारणे” हे उद्दिष्ट नव्हे. “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाणी, शौच, भूक व ‘नको’ यांसाठी चार चित्रपत्ते आपण होऊन दाखविणे” हे उद्दिष्ट होय. प्रत्येक उद्दिष्टापुढे ते कोणी शिकवावयाचे आणि केव्हा तपासावयाचे हे लिहावे. चित्रांच्या देवघेवीने बोलणे शिकविण्याची एक पद्धत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत १९८५ साली विकसित केली. दिवसाचा क्रम चित्रांनी मांडून ठेवण्याची रीत नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांच्या कार्यातून रूढ झाली. दोन्हींसाठी पुठ्ठा, कात्री व खळ एवढे साहित्य पुरते. परिपाठ, मराठी, गणित, जेवण, खेळ व घर अशी सहा चित्रे फळ्याच्या कडेला एकाखाली एक लावावीत आणि एकेक काम संपले की ते चित्र उलटे करावे. पुढे काय आहे हे दिसत राहिले म्हणजे मुलाची अस्वस्थता कमी होते.

परिचयपत्र

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीसाठी मूल शेजारच्या गावी जाते. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्याबरोबर जातो; त्यात जन्मतारीख असते, जात असते, वर्तणूक ‘चांगली’ असते. मूल पाणी कसे मागते हे त्यात नसते. समजा, चार वर्षांच्या कष्टाने एक मुलगी तीस चित्रपत्ते वापरून बोलू लागली. तिचे पत्ते जुन्या शाळेच्या कपाटात राहिले. नव्या शाळेत ती पहिल्या दिवशी रिकाम्या हातांनी गेली. तेथील शिक्षकांच्या दृष्टीने ती मुकी आणि काही न समजणारी ठरते. पाणी हवे असता ती ओरडते, ओरडली म्हणून तिला घरी पाठविले जाते, आणि दिवाळीपर्यंत ती शाळेत येईनाशी होते. कोणीही वाईट वागलेले नसते. फक्त एका शिक्षकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचलेले नसते.

हे टाळण्यासाठी प्रत्येक स्वमग्न मुलाबरोबर एका पानाचे परिचयपत्र द्यावे. ते पालकांबरोबर बसून लिहावे आणि एकाच पानाचे असावे. दहा पानांचा अहवाल जूनमध्ये कोणी वाचीत नाही. त्यात पुढील बाबी क्रमाने याव्यात:

१. मुलाला काय आवडते व काय चांगले येते. 
२. ते आपले म्हणणे कसे सांगते: शब्दांनी, खुणांनी की चित्रांनी. 
३. त्याच्याशी कसे बोलले असता समजते. 
४. ते कशाने अस्वस्थ होते व त्याची पूर्वचिन्हे कोणती. 
५. ते शांत कशाने होते; आणि काय मुळीच करू नये. 
६. सुरक्षितता व प्रकृती. 
७. सध्या काय शिकत आहे व पुढची पायरी कोणती.

नमुन्यादाखल एक परिचयपत्र येथे देण्यात येत आहे.

“या मुलीला एस.टी.च्या गाड्या व त्यांवरील पाट्या फार आवडतात. पाट्या वाचीत वाचीत ती वाचावयास शिकली. १०० पर्यंत अंक येतात. बोलत नाही, कमरेच्या पिशवीतील पत्ते दाखविते. पिशवी काढून घेऊ नये. दोन-तीन शब्दांत सांगावे, मग मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. लगेच पुन्हा सांगितल्यास तिचा गोंधळ होतो. अनपेक्षित बदल सोसत नाही. सुट्टी जाहीर झाली तर प्रथम तिला चित्राने दाखवावे. बोटे भराभर हलवू लागली की अस्वस्थता वाढत आहे असे समजावे व तिला बाहेर झाडाखाली न्यावे. हात धरून ओढू नये. पाण्याची ओढ आहे. शाळेमागील ओढ्याकडे जाते, फाटक लावून ठेवावे. एकदा फीट आली होती. औषध रात्री घरी घेते. पुढची पायरी: ‘मदत हवी’ हा पत्ता.”

सहाव्या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. काही स्वमग्न मुले नकळत निघून जातात, त्यांना धोक्याची जाणीव कमी असते आणि पाण्याचे आकर्षण पुष्कळांना असते. खेड्यात विहीर, ओढा, शेततळे जवळच असते. ही एक ओळ लिहावयाची राहिली तर जिवावर बेतू शकते. फीट येण्याचे प्रमाणही या मुलांत इतरांपेक्षा अधिक असते.

परिचयपत्र ही खाजगी वस्तू आहे. पालकांच्या संमतीने ती नव्या वर्गशिक्षकाच्या व मुख्याध्यापकांच्या हाती प्रत्यक्ष द्यावी. तिचे छायाचित्र काढून शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. मुलाचे निदान परिपाठात किंवा ग्रामसभेत सांगू नये.

कागदाबरोबर माणसांची भेटही हवी. एप्रिलमध्ये, शाळा चालू असताना, जुन्या शिक्षकाने मुलाला व पालकांना घेऊन नव्या शाळेत एक फेरी मारावी. नवे शिक्षक, वर्ग, पाण्याची टाकी व शौचालय यांची छायाचित्रे पालकांना द्यावीत, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुलाला रोज दाखविता येतील. मूल विशेष शाळेत जात असेल तरीही हेच करावे. विशेष शाळेतील शिक्षक प्रशिक्षित असतात हे खरे. पण त्या एका मुलाला ते पहिल्या दिवशी ओळखीत नसतात.

मतभेद झाल्यास

सर्वांचे एकमत नेहमी होईलच असे नाही. वडील म्हणतात, गावच्याच शाळेत ठेवा. शिक्षकांना वाटते, विशेष शाळेत अधिक लाभ होईल. कधी याच्या उलट असते. अशा वेळी “याला येथे ठेवावे की नाही?” हा प्रश्न बाजूला ठेवून “याला शिकण्यासाठी काय काय हवे?” असे विचारावे आणि उत्तरांची यादी करावी. शांत कोपरा, चित्रक्रम, आठवड्यातून एकदा विशेष शिक्षक, शौचासाठी मदतनीस, वाचा-उपचार. यांपैकी गावात काय होते, काय मिळवावे लागेल, विशेष शाळेत काय मिळते आणि तेथे राहावे लागल्यास मूल घरापासून किती दूर जाईल, हे समोर मांडले म्हणजे बोलणे हमरीतुमरीवरून विचारावर येते. झालेल्या चर्चेचे टिपण ठेवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात व एक प्रत पालकांना द्यावी. निर्णय अडला तर केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे. दिव्यांग मुलांच्या प्रवेशाच्या व सोयींच्या प्रश्नांसाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात समन्वय अधिकारी असावा अशी तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. पालकांना राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते, हे शिक्षकाने त्यांना स्वतः सांगावे. त्यात शाळेचा अपमान नाही.

वर्गशिक्षकाची अडचणही खरी असते, हे विसरून चालणार नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून नोंदवही लिहिणे सोपे नव्हे. म्हणूनच ती अडचण मनात न ठेवता लेखी कळवावी. “मूल नको” असे लिहिणारा शिक्षक आणि “मूल आहे, त्यासाठी आठवड्याला एक भेट, एक मदतनीस व आवाराला फाटक हवे” असे लिहिणारा शिक्षक, या दोघांची अडचण एकच असते, परंतु दुसऱ्याच्या पत्रावर कार्यवाही करता येते. शिक्षा हा मात्र मार्ग नव्हे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या अधिनियमाने सर्वच मुलांच्या बाबतीत बंदी केली आहे. शिवाय आवाजाने घाबरलेल्या मुलाला छडी मारल्याने आवाज कमी होत नाही.

चालू वर्षी करावयाच्या गोष्टी

ज्या शाळांत स्वमग्न मूल आहे किंवा तशी शंका आहे, तेथील वर्गशिक्षकांनी नोंदवही लगेच सुरू करावी. अंगणवाडी सेविकेकडून पुढील वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांची माहिती मुख्याध्यापकांनी हिवाळ्यातच घ्यावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा व मुलाचे नाव न घेता एका नोंदवहीवर चर्चा करावी. मार्चअखेर परिचयपत्र पालकांसह लिहावे, एप्रिलमध्ये नव्या शाळेची फेरी व्हावी आणि शाळा उघडण्यापूर्वी, मुलाचे चित्रपत्ते व त्याच्या आवडीची वस्तू यांसह, ते पत्र नव्या शिक्षकांच्या हाती पडावे. पहिला आठवडा संपल्यावर जुन्या शिक्षकांनी नव्या शिक्षकांस एक दूरध्वनी करून मूल पाणी मागते का, एवढे विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्याच आठवड्यात त्या शाळेत जाऊन यावे.